टेबलाखालचा घन

मी एक जुना लाकडी घन आहे, मित्रांनो. मालवणजवळच्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात, टेबलाच्या पायाखाली माझा मुक्काम आहे.

माझा जन्म सावंतवाडीच्या चितारआळीतला. तिथे धोंडू मेस्त्री लाकडाची फळं करायचे. आमच्या शाळेच्या अनुजाबाईंनी त्यांना शंकू, गोल, वृत्तचिती आणि घन करायला सांगितलं, तेव्हा ते कुरकुरले. "बाई, आंबो जरा वाकडो झालो तरी आंबोच दिसता. ह्येचा तसा नाय."

"म्हणूनच तुमच्याकडे आले," बाई म्हणाल्या.

मेस्त्रींनी मला पुन्हा पुन्हा गुण्या लावून तपासलं. सहा सारखी चौरस पृष्ठं, बारा कडा, आठ शिरोबिंदू. कुठेही खोट राहिली नाही.

शाळेत आम्ही चौघं हातोहात फिरायचो. गोल कुठेही घरंगळायचा. वृत्तचिती उभी असली की शहाणी, आडवी झाली की पळायची. शंकू टोकावर कधीच उभा राहिला नाही. मी मात्र ठेवाल तिथे बसायचो. बाई सांगायच्या, "मी म्हणते म्हणून मानू नका. बोट फिरवून मोजा." संचिता नावाची मुलगी पहिल्या कडेला खडूची खूण करायची, म्हणजे तीच कड दोनदा मोजली जायची नाही. बाई मला टेबलावर ठेवून म्हणायच्या, "हा माझा खरा मदतनीस." मला ते खरं वाटलं.

मग वर्गात मोठा स्क्रीन आला. तो ठेवायच्या टेबलाचा एक पाय वाळवीने खाऊन चार बोटं आखूड झाला होता. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच उचलून कोपऱ्यात, त्या पायाखाली सरकवलं. त्यांच्याच हातांनी. माझी दोन पृष्ठं भिंतींना टेकली, एक जमिनीला.

परवा स्क्रीनवर घनाचं चित्र होतं. तन्वीने कडा मोजल्या. "नऊ, बाई."

"बारा. मागच्या तीन दिसत नाहीत."

"दिसनत नाय, मग आसत कशावरून?"

हा प्रश्न किती चांगला होता. उत्तर तिथेच, हाताच्या अंतरावर होतं. तन्वीलाही मी दिसलो. ती टेबलाखाली शिरली आणि माझ्यावरून बोट फिरवू लागली. सात, आठ, नऊ. पुढे बोट भिंतीला अडलं.

"बाई, हेकाय नऊच आसत. हो भायर काढून देशात?"

"टेबल हलेल गं. बारा आहेत, तेवढं पाठ कर."

आयुष्यभर खरं सांगत आलेल्या मला त्या दिवशी खोटी साक्ष द्यावी लागली. बाईंवर राग नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. तन्वीने वहीत बारा लिहिलं, बाईंनी बरोबरची खूणही केली. पण त्यानंतर तिने काहीच मोजून पाहिलं नाही.

मित्रांनो, टेबलाखाली एखादी चपटी वीट सरकवा. तीही चालेल. आणि मला तन्वीच्या हातात द्या, मागच्या बाजूसकट.