दोन बोटं कमी

दोसूने खोलीचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला. फळीवरच्या बाटल्यांतलं पेट्रोल खाली गेलं होतं. एकीतलं नाही, सगळ्यांतलं. वास होता, पण त्या खोलीला तो नेहमीच असायचा.

पोर्तो-नोव्होच्या रस्त्याकडेला टेबल मांडून त्याची बायको हुएफा बाटल्यांतून पेट्रोल विकायची. तापाने ती गेली, त्याला तीन आठवडे झाले. नातलग जमेपर्यंत तिला शवागारात ठेवलं होतं. दोसूने बाटल्या तिच्या खोलीत आणल्या, खिडकीवर फळ्या ठोकल्या आणि दाराला कुलूप घातलं. दुसरी किल्ली तिच्या भावाकडे होती.

तो भाऊ, सेनू, मागून आला.

"काय दाजी, दारात अडकलात? पोट आत घ्या, मावाल."

"किती काढलंस?"

"काय?"

"पेट्रोल. तुझी मोटरसायकल हिच्या मरणावर फिरते का?"

सेनू हसणार होता, पण दाजींचं तोंड बघून थांबला.

"माझ्या बहिणीचं आहे ते."

"म्हणूनच विचारतो. चोराचं कापड तिच्या अंगावर पडणार नाही. शनिवारी तिला पुरताना येऊ नकोस."

अंगणात कंद सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. भावाने आणलेलं कापड पांघरल्याशिवाय शवपेटीवर झाकण चढत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सेनूने किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि तो मोटरसायकल ढकलत निघून गेला.

थोड्या वेळाने सासू दिवा घेऊन आली. पुरण्याआधी मेलेल्याच्या खोलीत दिवा लावायचा असतो. दारात बसून तिने काडी हातात घेतली आणि तशीच थांबली. नेसत्या कापडाच्या टोकाने नाक झाकून ती आत गेली. बाटल्यांजवळ वाकली.

"जावई, बुचं कुठं आहेत?"

"सापडली नाहीत. चिंध्या कोंबल्या."

सासूने एका बाटलीला बोटं लावली, मग दुसरीला, मग तिसरीला.

"दोन बोटं कमी. इथंही दोन. हिच्यातही. चोर असा मोजूनमापून घेतो का रे?"

दोसू स्वतः बाटल्यांना बोटं लावून बघू लागला.

"चिंधीतून उडालंय. बाहेर जायला वाट नाही, म्हणजे ह्याच खोलीत आहे." तिने काडी काडेपेटीत परत घातली. "आणि मी पेटवायला बसले होते."

दोसूने खिडकीच्या फळ्या उपटल्या. तळहाताला खिळा लागला, ते त्याला कळलंही नाही. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

"आई, तुम्ही सांगाल का सेनूला?"

"माझ्या पोराला चोर तू म्हणालास, तेही चारचौघींत. मी काय सांगू?"

ती उठून बायकांत जाऊन बसली आणि कंद सोलू लागली.

आज शुक्रवार. उद्या सकाळी शवागारातून पेटी यायची आहे. हुएफाचं कापड अजून आलेलं नाही. दोसू फाटकापर्यंत जाऊन परत आला आहे. सेनूच्या दारी तो अजून गेलेला नाही.