पेलाभर गरम पाणी

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळ्या जणी पुरवठामंत्री म्हणायच्या. नाव ठेवलं तिच्या धाकट्या जावेने, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दोघींच्या चुली वेगळ्या, पण काम एकाच टेबलाशी. इस्त्रीच्या रोलरमधून चादर बाहेर आली की हिने दोन कोपरे धरायचे, जावेने दोन. एक झटका द्यायचा, पुढे यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, परत मागे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी, दिवसभर तेच. हात चालायचे आणि त्याहून जोरात तोंडं चालायची.

"मंत्रीबाई, घरात अर्धा कोबी आणि खाणारी पाच तोंडं! बोला आता!" कुणीतरी पलीकडून ओरडायचं.

आणि ही बोलायची. कोबीचा दांडा फेकू नकोस, किसून डाळीत घाल. शिळा पाव भाजून चुरा कर, बटाट्यात मळ. बटाट्याची सालं? अगं, धुऊन मीठ लावून तव्यावर टाक, पोरं भांडून खातील. बायका हसायच्या, पण कान देऊन ऐकायच्या, आणि हिला बरं वाटायचं. का वाटू नये? नवऱ्याची पाठ गेल्यापासून तो घरी बसलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, दोन पोरं शाळेत, आणि कमावणारी ही एकटी. तरी 'पुरत नाही' हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. नवऱ्यापाशी नाही, माहेरी नाही, आणि जावेपाशी तर मेली तरी नाही.

मग थोरली पोरगी शाळेत रांगेत उभी असताना धाडकन खाली पडली. तपासायला आलेली नर्स म्हणाली, अंगात रक्तच नाही हिच्या. रोज दूध द्या, अंडी द्या, हयगय करू नका. हिने मान डोलावली. पहिला आठवडा दिलीही. दुसऱ्या आठवड्यात सासूची औषधं संपली, तेलाची बाटली संपली, आणि अंडी बंद झाली. डाळ पातळ करता येते हो, अंडं कसं पातळ करणार? मंत्रीबाईंचं सगळं मंत्रिपद त्या अंड्यापाशी येऊन अडलं.

म्हणून बायकांनी मिळून पगारवाढ मागायची ठरवली तेव्हा सगळ्यांच्या पुढे हीच उभी होती. मॅनेजर गोड माणूस. सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं, म्हणाला, "मालकांशी बोलतो, ताई. तुमचं म्हणणं रास्त आहे."

थोड्या दिवसांनी त्याने हिला एकटीला बोलावलं. कामगारांसाठी एक कार्यक्रम ठेवतोय म्हणाला, कमी खर्चात सकस जेवण. बाहेरून एक आहारतज्ज्ञ बाई येणार आहेत. "पण खऱ्या तज्ज्ञ तर आपल्याकडेच आहेत, ताई. सगळ्या तुमचंच नाव घेतात. तुम्ही बोलाल ना?"

आता सांगा, काय करावं तिने? जन्मात कधी कुणी खुर्चीवर बसवलं नव्हतं. मोठ्या दिराने कधी 'बसा' म्हटलं नव्हतं, तिथे हा माणूस 'तज्ज्ञ' म्हणत होता. ती हुरळून गेली. ठेवणीतली साडी काढली, आरशापुढे उभं राहून बोलून पाहिलं. पोरगी हसून म्हणाली, "आई, भाषण की निवडणूक?"

कार्यक्रम झोकात झाला. माईक हातात आला आणि बाई अशी सुटली की आहारतज्ज्ञ बाई आ वासून बघत राहिल्या. पाव, सालं, कोबीचे दांडे, सगळं सांगून झालं. मॅनेजर पुढच्या रांगेत मोबाइल धरून होता, मान हलवत होता, वा वा म्हणत होता. टाळ्यांवर टाळ्या. आणि त्या टाळ्यांच्या भरात, जे ती आजवर कुणापाशी बोलली नव्हती तेही बोलून गेली.

"आणि शेवटची युक्ती. पोरांना जेवायला बसवायच्या आधी पेलाभर गरम पाणी प्यायला द्या. पचनाला चांगलं असतं म्हणून सांगा. निम्मं पोट पाण्यानेच भरतं, मग भात कमी लागतो!"

हशा पिकला. मॅनेजर सगळ्यांत मोठ्याने हसला. मालकाच्या हातून तिला बक्षीस मिळालं, स्टीलचं चकचकीत मोठं पातेलं. ते डोक्यावर घेऊन ती घरी गेली. एवढं भरायचं कशाने, हा विचार काही तिच्या मनात आला नाही.

पुढच्या आठवड्यात बायकांना कचेरीत बोलावलं. पगारवाढीचं उत्तर द्यायला. मॅनेजरने उत्तर दिलंच नाही, भिंतीवरचा टीव्ही लावला. त्यावर ही, ठेवणीतल्या साडीत, हातात माईक. कोबीचे दांडे. सालं. गरम पाणी. हशा.

"मी काही बोलत नाही," मॅनेजर म्हणाला. "तुमच्याच ताई बोलताहेत. घरात पाच माणसं, पगार तुमच्याइतकाच, आणि बघा, हसत हसत चालवतात. मालक म्हणाले, प्रश्न पगाराचा नाही, सवयींचा आहे. मी हा व्हिडिओ सगळ्यांना पाठवतोय. घरी दाखवा."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. पण बोलणार काय? तोंड तिचंच होतं, आवाज तिचाच होता.

बाहेर येऊन दोघी पुन्हा टेबलाशी उभ्या राहिल्या, तेव्हा जावेने चादरीचे कोपरे हातातून सोडून दिले. "आम्ही वाढ मागितली, जाऊबाई. तुम्ही पाणी वाढलंत. लाज नाही वाटली? तो पुढ्यात बसून हसत होता तेव्हा तरी कळायला हवं होतं!" आणि ती दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

मग कुणीच हिच्यासमोर उभं राहिलं नाही. चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन कोपरे हनुवटीखाली धरून तिने करून पाहिली, तर खालची बाजू ओल्या फरशीवर लोळली, आणि मुकादमाने ती सगळ्यांदेखत उचलून परत धुवायला फेकली. कुणी 'मंत्रीबाई' म्हणालं नाही. टोमणासुद्धा मारला नाही, मेल्यांनी. टोमणा मारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी घरी पोहोचली तेव्हा व्हिडिओ तिच्या आधी पोहोचला होता. जावेच्या मुलाने पोरीला दाखवला होता. हिने नेहमीप्रमाणे दोन पेले गरम पाणी ओतलं. धाकट्याने गटागटा पिऊन टाकलं. पोरीने पेला बोटाने पुढे सरकवला.

"तू पी. तुझं पचन बिघडलंय."

"बये, जास्त बोलू नकोस."

"मी मैत्रिणींना पण सांगितलंय, आई. जेवायच्या आधी गरम पाणी प्या, माझी आई म्हणते. शाळेत पडले त्या दिवशीसुद्धा प्यायले होते." पोरगी रडत नव्हती. चिडलेली होती, आईसारखीच, नाकपुड्या फुगवून. "सरळ सांगायचं ना, भात कमी आहे म्हणून. मी काय मागितला असता?"

कोपऱ्यातून नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आईने चांगल्यासाठीच..." हिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. चांगल्यासाठी! सगळं चांगल्यासाठीच चाललं होतं, आणि पोरगी भर शाळेत जमिनीवर पडली होती. तिला मॅनेजरचा गळा धरावासा वाटला, मालकाचा धरावासा वाटला, आणि सगळ्यांत जास्त त्या टीव्हीवर मिरवणाऱ्या शहाण्या बाईचा.

दुसऱ्या दिवशी ती बक्षिसाचं पातेलं घेऊन कामाला आली. दुपारी मॅनेजर डबा उघडून बसला होता, घडीच्या दालनाशेजारीच, काचेच्या पलीकडे. हिने बॉयलरच्या नळाखाली पातेलं भरलं, फडक्याने काठ धरून वाफाळत्या पाण्यासकट आत नेलं, आणि त्याच्या डब्याशेजारी दाणकन ठेवलं. टेबलावर पाणी सांडलं, कागद भिजले.

"हे काय, ताई?"

"पाणी. जेवायच्या आधी पेलाभर प्या, साहेब. मग डबा खा. पण अर्धाच. अर्धा उद्याला ठेवा."

तो हसला. "चेष्टा करता का?"

"चेष्टा तुम्ही केलीत. तो मोबाइल काढा. काढा म्हणते ना! सुरू करा. माझं अर्धं सांगायचं राहिलंय."

त्याने मोबाइल काही काढला नाही. पण काचेचं दार उघडं होतं, आणि पलीकडे एकेक रोलर थांबत गेला, कारण सगळ्या इकडेच बघत होत्या. तिला आवाज चढवावा लागला नाही. चढलेलाच होता.

"पुरत नाही!" ती म्हणाली. म्हणताना तिला वाटलं, जणू भर बाजारात पदर सुटला. तरी ती थांबली नाही. "ऐकलंत? पुरत नाही. कधीच पुरलं नाही. सालं खाऊन, पाणी पिऊन माझी पोरगी शाळेत पडली. तिच्या अंगात रक्त नाही. मी तुमच्यापुढे मिरवले ते सगळं उपाशी राहायचं कसब होतं, आणि तुम्ही ते आमच्याच गळ्यात बांधलंत!"

"मग त्या दिवशी स्टेजवर खोटं बोललात का?" मॅनेजरचं हसू मावळलं होतं.

"त्या दिवशी नाही, साहेब. त्या दिवशी खरंच बोलले. खोटं मी घरी बोलत होते. रोज. पोरांशी."

तो उठला आणि दारातून ओरडला, "मशीन चालू करा! बघताय काय?"

कुणी हललं नाही. हिच्या टेबलावर सकाळपासूनच्या चादरी तशाच पडल्या होत्या. जाऊ पुढे आली. तिने वरची चादर उचलली, दोन कोपरे हिच्या हातात दिले, दोन स्वतः धरले. मग मॅनेजरकडे बघत तिने आपले कोपरे सोडून दिले. हिनेही सोडले. चादर दोघींच्या मधे फरशीवर पडली, आणि पलीकडच्या टेबलांवरूनही चादरी पडायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत एकही मशीन फिरलं नाही. दवाखान्याची गाडी रिकामी परत गेली, तेव्हा कुठे मालकाचा निरोप आला, उद्या स्वतः येऊन बोलतो. वाढ देईल की नाही, देव जाणे. कदाचित हिलाच काढून टाकेल. घरी जाताना जाऊ शेजारून चालत होती.  मग म्हणाली, "आमच्याकडे पण पुरत नाही हो, जाऊबाई. मी तर तुम्हाला बघून गप्प बसायचे."

घरी पोरगी अभ्यासाला बसली होती. हिने भात केला, डाळ केली, ताटं मांडली. धाकट्याने सवयीने पेला पुढे केला.

"आज पाणी नंतर," ती म्हणाली. "आधी जेवा. भात एवढाच आहे. पुरणार नाही."

पोरीने वर पाहिलं. भाताचं पातेलं हाताने कलतं करून ती आत डोकावली, आणि पाचही ताटांत वाढायला लागली. आईच्या ताटात सगळ्यांत आधी.