औसूची वाळू

"सावलीत स्वतः बसलीस आणि मला उन्हात टाकलंस," मन्नूबियाने लेकीच्या कानाशी कुरकुर केली. "म्हशीलासुद्धा कुणी असं बांधत नाही."

बेया उठली, जागा बदलली. तेवढ्यात गाडी वळली आणि ऊन पुन्हा आईवरच आलं.

"बघ!" मन्नूबिया म्हणाली, जणू गाडी बेयानेच वळवली होती.

बेया पंचेचाळिशी ओलांडलेली. ट्यूनिसच्या एका कारखान्यात पँटींना खिसे शिवायची. दर ऑगस्टला, औसूत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, आईला घेऊन ती या गाडीने शेवटच्या स्टेशनला, मार्साच्या समुद्रावर यायची. औसूतल्या तापल्या वाळूत पाय पुरले की सांधे मोकळे होतात म्हणतात. मन्नूबियाचे व्हायचे, घरी पोचेपर्यंत. हे गुडघे धरले तेही मुहूर्त बघून. बेयाला मागणी घालायला एका घरचे लोक आले, त्याच दिवशी ही पलंगावरून उठेना. पाहुणे मिठाई ठेवून गेले ते गेलेच.

आणि आता नाजी. कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा, बायको वारलेला. उद्या त्याची बहीण मागणी घालायला घरी येणार होती. बेयाने आठवडाभर विषय काढून पाहिला; काढला की आई आतल्या खोलीत जाऊन नमाजाची चटई अंथरायची. मध्ये कोण बोलणार?

मार्साला दारं उघडताच मन्नूबिया पोराटोरांना कोपर मारत उतरली आणि किनाऱ्यावरच्या भिंतीजवळची सावली कुणी धरायच्या आत तिथे जाऊन बसली. टोपली, छत्री आणि कलिंगड घेऊन बेया मागून धापा टाकत आली. आईच्या या चपळाईबद्दल घरात कुणीच कधी बोलत नसे.

"उन्हातली वाळू ओढून आण. अजून घाल. मांडीपर्यंत."

बेयाने वाळू ओढली, कणकेसारखी थापली. थापता थापता तिच्या लक्षात आलं: आता ही उठून जाणार कुठे?

"उम्मी, उद्या नाजीची बहीण येतेय."

"पाणी दे."

पाणी दिलं.

"येतेय ती. तू उद्या झोपून राहायचं नाहीस."

"टकल्या आहे तो."

"असू दे. मला काय त्याची वेणी घालायचीय?"

"तो बघ बंबालुनीवाला चालला. एक गरम तळून घे, साखर जास्त घालायला सांग."

"उम्मी!"

"दुखलं तर झोपू नको? तुझा भाऊ इथे असता तर..."

"भाऊ फ्रान्सहून फोन करतो, गुडघे कसे आहेत विचारतो आणि हसतो."

"का हसतो?"

बेयाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, जसं इतकी वर्षं गिळलं तसंच. ताडकन उठली, पाण्याच्या कडेला चपला भिरकावल्या आणि कपड्यांसकट कमरेइतक्या समुद्रात जाऊन उभी राहिली. आईच्या हाका ऐकू आल्या. वळली नाही. मग हाका थांबल्या.

बऱ्याच वेळाने वळली, तर मन्नूबिया पाण्यात उभी. झगा वर खोचलेला, मांड्यांना वाळू, हातात बेयाच्या दोन्ही चपला.

"लाटेने नेल्या होत्या," ती म्हणाली. "धावले मी."

दोघीही त्या वाळू लागलेल्या पायांकडे बघत राहिल्या. एक लाट आली, थोडी वाळू धुऊन गेली.

"नाही दुखत गं," मन्नूबिया म्हणाली. "कधीच दुखले नाहीत."