भूक लागेपर्यंत अबोला

आमच्या घरात माफी कुणी मागत नाही. भांडण झालं की अबोला सुरू होतो आणि नवरा "भूक लागली" म्हणाला की संपतो. मी वाढते, तो जेवतो, विषय बंद. लग्न झाल्यापासूनची ही पद्धत. नणंदेच्या मते तिचा भाऊ यामुळेच इतका फुगला. आम्ही फार भांडतो, असं तिचं म्हणणं. तिचं खरं आहे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. गच्चीवरच्या मशीनरूमची लोखंडी शिडी त्याला चढवेना, गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखर वाढली, तेव्हा त्याने वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाचा मोठा भाग कापून उरलेल्याची केळ्याएवढी नळी केली. साखर उतरली, शिडी जमू लागली. मला आनंदच झाला होता, हे आधीच सांगून ठेवते.

मग त्याने मला न विचारता जेवणाचं टेबल शेजाऱ्यांना देऊन टाकलं.

"जेवतं कोण त्यावर?" तो म्हणाला.

"मी."

पुढचं सगळं शेजाऱ्यांनी ऐकलं, कारण ते तेव्हा दारातून टेबल तिरकं करून काढत होते. त्याने माझ्या भावाचा उद्धार केला, मी त्याच्या आईचा. अबोला सुरू झाला. मी नेहमीसारखी वाट बघू लागले. मोबाइलचा गजर वाजला की तो वाटीभर सूप प्यायचा, वाटी धुवायचा आणि निघून जायचा. भुकेचं नाव नाही. पूर्वी आमचा अबोला फार तर रात्रीच्या जेवणापर्यंत टिकायचा, आता आठवडा उलटला.

तपासणीला आम्ही शेजारी-शेजारी बसलो आणि डॉक्टरबाईंशी वेगवेगळे बोललो.

"यांना भूक कधी लागेल?" मी विचारलं.

"भुकेचं हार्मोन पोटाच्या ज्या भागात जास्त तयार होतं, तोच भाग काढलाय," बाई म्हणाल्या. "शिवाय अन्न आता आतड्यात लवकर उतरतं, त्यामुळे 'पुरे' म्हणणारी हार्मोन्सही लवकर सुटतात. पुढे थोडीफार भूक परत येईल. घाई काय आहे?"

"आमचं भांडण चालू आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "गोड मात्र जपून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकदम आतड्यात गेलं की घाम, धडधड, चक्कर. आडवंच व्हावं लागेल."

"म्हणजे बटणच काढलंय," नवरा म्हणाला. कामाचं बोलताना त्याचा असाच आवाज असतो.

दोन दिवसांनी तो बेकरीतून चॉकलेट केक घेऊन आला. मला आवडतो तो. खोका ओट्यावर ठेवला आणि फ्रीजकडे बघत म्हणाला, "भूक लागली."

खोटं होतं. ते खोटं का, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. वाढलं असतं तर त्याला त्रास होणार होता. नाही वाढलं तर मी भांडण मिटू देत नाही असा अर्थ झाला असता, आणि तो दुसऱ्यांदा विचारणारा माणूस नाही. मला मात्र तो अबोला सोसवत नव्हता. आठवडाभर मी स्वतःशीच बोलत होते, आणि स्वतःशीही माझं पटत नव्हतं. नखाएवढा तुकडा कापायला हवा होता. मी नेहमीएवढा कापला.

त्याने उभ्याउभ्या सगळा खाल्ला.

"अजून?" सवयीने तोंडातून गेलं.

त्याने बशी पुढे केली. मी वाढलं.

थोड्या वेळाने त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घामाने शर्ट भिजला आणि तो स्वयंपाकघरातच जमिनीवर आडवा झाला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. छातीवर हात ठेवला तर नुसती धडधड.

"मरायचंय का तुला? कशाला खाल्लंस एवढं?"

"मग मिटवायचं कसं?" तो डोळे मिटून म्हणाला.

मी त्याच्या शर्टाची बटणं सोडली.

डोळे उघडून तो छताला म्हणाला, "टेबल तुला विचारून द्यायला हवं होतं. चुकलं माझं."

"माझंही चुकलं," मी म्हटलं. "तुझ्या आईबद्दल बोलले ते. आणि आत्ताचं वाढणं."

छत जागेवर होतं. कुणाला काही झालं नाही. त्याची धडधड हळूहळू उतरली. एवढंसं बोलायचं होतं. ते बोलता येत नाही म्हणून मी या माणसाला वर्षानुवर्षं वाढत राहिले, तो खात राहिला, आणि शेवटी त्याचं पोट कापावं लागलं. मला रडू आलं.

"आता काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. घाम पूस."