तुझं एम्पाको काय?

पाहुण्यांची व्हॅन फाटकात शिरली की पोरांना सांभाळणाऱ्या कासेमीरेच्या कपाळाला आठी पडायची. दरवर्षी जुलैत अमेरिकेतल्या एका चर्चची बारा-पंधरा माणसं फोर्ट पोर्टलजवळच्या या अनाथाश्रमात दहा दिवस सेवेला येत. भिंत रंगवत, पोरांना कडेवर घेऊन मिरवत, बायबलातल्या गोष्टींची नाटकं करत आणि शेवटी रडत रडत निघून जात. मग पुढचा महिनाभर फाटकाशी जाऊन बसणाऱ्या पोरांना उचलून आणायचं काम कासेमीरेचं. भिंत तर इतक्यांदा रंगवून झाली होती की आता विटांपेक्षा रंगच जाड झालाय, असं ती म्हणायची.

यंदा मात्र तिला पाहुण्यांवर चिडायलाही सवड नव्हती. शनिवारी राजधानी कंपालाहून गाडी येणार होती, कुसीमाला न्यायला. 

कुसीमा चार-साडेचार वर्षांची. सरकारी दवाखान्यात तिची आजी वारली आणि ही खाटेखाली सापडली, म्हणून आठ महिन्यांपूर्वी पोलिसांनी तिला आश्रमात आणून सोडलं. मागेपुढे कोणी नाही, कागदावर नाव नाही, अंगात सणसणून ताप. कासेमीरेनं पंधरा दिवस तिला छातीशी धरून जगवलं आणि नाव ठेवलं कुसीमा, म्हणजे उपकार मानणं. पण इथे, टोरो मुलखात, नुसत्या नावानं कोणाचं भागत नाही. माणसाला एम्पाको लागतं. लाडाची आणि मानाची ही नावं सगळी मिळून डझनभर. त्यांतलं एक घरातली वडीलधारी माणसं बाळाला देतात आणि मग जन्मभर जो तो त्याच नावानं विचारपूस करतो. कासेमीरेला सगळा आश्रम अब्बूकी म्हणायचा, तर आश्रम चालवणाऱ्या पास्टर कैजांना अराली. मग या पोरीला हाक मारायची कशी? कासेमीरेनंच ठरवून टाकलं, अब्वूली.

पोरगी या हाकेला कधी ओ देईना. "अब्वूली, बरी आहेस ना गं?" म्हटलं की दुसरीकडे बघायची. बोलणं तर दूरच. कोणी पातेलं आपटलं तर दचकायची, म्हणजे कान शाबूत होते. तपासायला आलेल्या डॉक्टरनं लिहून दिलं, बुद्धीत काहीतरी उणं आहे, हिला कंपालातल्या खास मुलांच्या आश्रमात ठेवा.

"मी सांभाळते ना तिला, अराली. मला काही जड झालीय का ती?" कासेमीरे पास्टरांना विनवून विनवून थकली.

"तुला जड नाही गं, अब्बूकी. पण तिचं पुढे काय? तिकडे शिकवणारी माणसं आहेत. आपल्याला त्यातलं काय कळतं?"

पास्टर वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

त्यात यंदाच्या पाहुण्यांमधली एक म्हातारी तिच्या गळ्यात पडली. लोर्ना तिचं नाव. नेब्रास्का का कुठे तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. शिडीवर चढली की गुडघे कुरकुरायचे, पोराला उचललं की कंबर. शेवटी बाकीच्यांनी हात टेकले आणि तिला स्वयंपाकघरात बसवून दिलं.

पहिल्याच दिवशी रीतीप्रमाणे तिला एम्पाको मिळालं, अकीकी. म्हातारीला एवढा आनंद झाला की तिनं "तुझं एम्पाको काय?" हा सवाल इथल्या भाषेत घोकून पाठ केला आणि दिसेल त्याला विचारत सुटली. अडचण एवढीच होती की उत्तर तिच्या डोक्यात राहत नसे. न्याहारीला विचारलेलं ती जेवणाच्या वेळी पुन्हा विचारायची. पोरं खिदळायची. मोठ्यांना मात्र ते लागायचं, कारण एम्पाको विचारायचं ते परक्या माणसाला. ओळखीच्याला विचारलं, तर तू कोण ते मी विसरले, असा अर्थ होतो.

"अहो अकीकी, सकाळीच नाही का सांगितलं? असं पुन्हा पुन्हा विचारू नये. माणसाला राग येतो," कासेमीरेनं एकदा तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत खडसावलं.

"येऊ दे. माझ्या डोक्याची चाळणी झालीय, बाई. पण बसमध्ये मी एक गोष्ट शिकले. भलत्याच नावानं हाक मारली ना, तर पोरं जास्त रुसतात. त्यापेक्षा विचारलेलं बरं."

कासेमीरेनं त्यावर नाक मुरडलं आणि चुलीत लाकूड सारलं.

गुरुवारी फिरिंदा, म्हणजे सोललेल्या घेवड्याची घट्ट आमटी, करायचा होता. त्यासाठी भिजवलेल्या घेवड्याचा दाणा न् दाणा सोलावा लागतो. साठ पोरांचा घेवडा सोलायचा म्हणजे अर्धा दिवस बूड हलवायचं नाही. लोर्नाच्या गुडघ्यांना साजेसं काम शेवटी एकदाचं सापडलं होतं. दोघी केळीच्या सावलीत चटईवर बसल्या. थोड्या वेळानं कुसीमा आली आणि टोपलीपाशी बसून आपल्या चिमुकल्या बोटांनी दाणे सोलू लागली. कासेमीरेनं तिच्याकडे बघणंच टाळलं. परवा या वेळी ही इथे नसेल, हे तिला सहन होत नव्हतं.

लोर्नानं मान वर केली, चष्मा सावरला आणि जणू पोरीला पहिल्यांदाच पाहत असावी तसं विचारलं, "आणि तुझं एम्पाको काय गं?"

"तिला कशाला विचारताय? ती बोलत ना..."

"अचाली," कुसीमा म्हणाली.

आवाज बसलेला होता, पण शब्द स्वच्छ होता. कासेमीरेच्या हातातला दाणा खाली पडला. लोर्ना मात्र "अचाली, अचाली," असं पुटपुटत पुन्हा सोलायला लागली.

आठ महिने! आठ महिन्यांत कोणी म्हणून कोणी या पोरीला विचारलं नव्हतं. विचारणार कोण? सगळ्यांना तर माहीत होतं, अब्बूकीनं तिचं एम्पाको अब्वूली ठेवलंय. आजीनं दिलेलं नाव पोरीनं मुठीत धरून ठेवलं होतं आणि कासेमीरे तिच्यावर दुसरंच नाव थोपत होती. त्या पाहुण्यांच्या भिंतीला आपण हसतो, तिच्या मनात आलं, आणि केलं काय तर आपणही रंगच चढवला. तिला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

ती उठली, पदर सारखा केला आणि पोरीसमोर गुडघे टेकले. टोरोत बायका गुडघे टेकून विचारपूस करतात, पण मोठ्यांची. एवढ्याशा पोरीपुढे कोणी टेकत नाही. परक्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "तुझं एम्पाको काय?"

"अचाली."

"माझं चुकलं, अचाली. मी आधीच विचारायला हवं होतं."

पोरीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग दोन सोललेले दाणे तिच्या तळहातावर ठेवले.

कासेमीरे तशीच तिला हाताला धरून कचेरीत घेऊन गेली. पास्टर कंपालाचं पत्रच लिहीत बसले होते.

"अराली, हिची विचारपूस करा. अचाली म्हणून."

"हे आणि काय नवीन?"

"करा म्हणते ना!"

पास्टर गोंधळले, तरी खुर्चीवरून वाकले. "अचाली, बरी आहेस का?"

"बरी आहे, अराली."

पास्टरांनी पेनाला टोपण लावलं. "माझं एम्पाको कोणी शिकवलं हिला?"

"शिकवायला कशाला हवं? आठ महिने ऐकतेय ती. बहिरे आपण होतो."

पास्टरांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली आणि शनिवारची गाडी पाठवू नका म्हणून सांगायला कंपालाला फोन लावला. कासेमीरेचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन ती इतकी रडली की भिंत रंगवणारे पाहुणे ब्रश सोडून धावले, आणि कोणाला काहीच कळलं नाही म्हणून तेही रडायला लागले.

पाहुण्यांच्या निघायच्या दिवशी कासेमीरेनं लोर्नाचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"माझे? मी तर नुसता घेवडा सोलला!"

"तेच तर. भिंत रंगवत बसला असतात तर माझी पोर गेली असती."

लोर्नाला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. व्हॅनच्या पायरीवर तिनं मागे वळून पोरीला विचारलं, "तुझं एम्पाको काय म्हणालीस?"

"अचाली."

"आणि माझं गं?" तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माझं काय ठेवलंय बाई?"

"अकीकी," पोरगी म्हणाली. मग म्हातारीच्या नीट लक्षात राहावं म्हणून मोठ्यानं पुन्हा एकदा म्हणाली.

व्हॅन गेली. दरवर्षीसारखी चार-पाच पोरं फाटकाला चिकटून राहिली आणि त्यांत ही पण होती. कासेमीरे चुलीपाशी वळली खरी, पण पाय अडले. कोणाला उचलून आणायला ती गेली नाही. तिथूनच तिनं हाक मारली.

"अचाली!"

पोरगी पहिल्याच हाकेला वळली.