दगडातली वायर

आमच्या लॅबमध्ये माणसांचे दात बनतात. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, सगळं. सहा टेबलं, सहा माणसं आणि दिवसभर मशिनची घरघर. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा, हे माझं काम. एकवीस वर्षं तेच करतेय. माझा हात चांगला आहे आणि डोकं तापट आहे, हे दोन्ही सगळ्यांना माहीत आहे.

जेवणानंतर मशिनं सुरू करण्याआधी आमच्याकडे एक गाणं वाजतं. हा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, कवळीत दात बसवणारे. पूर्वी रेडिओवरून इतकी भांडणं व्हायची की एकदा मेण कापायचा गरम चाकू फेकण्यापर्यंत मजल गेली. (मीच फेकला होता. लागला कुणाला नाही.) तेव्हा मास्तरांनी ठरवून टाकलं. रोज एकाचा नंबर. सध्या जे ऐकत असाल ते लावायचं. संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग लावणाऱ्यानं ते का ऐकतो ते सांगायचं आणि त्यावर बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही. भांडणं थांबली. मी दर वेळी तीच एक बँडची धून लावते आणि कारण म्हणून "आवडतं" एवढंच सांगते. घरातल्या गोष्टी कामावर आणून चघळणारी माणसं मला आवडत नाहीत.

त्या मंगळवारी पॉलिशवालीचा नंबर होता. ही पोरगी वर्षभरापूर्वी लागली. कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. तिनं मोबाइल स्पीकरला जोडला आणि म्हणाली, "ही बाई स्वतःला मुकी म्हणवते. खरं नाव कुणालाच माहीत नाही. ऐका हं."

पहिल्याच ओळीला माझा हात थांबला. तो आवाज माझ्या लेकीचा होता. दोन वर्षं झाली तिनं माझ्याशी बोलणं टाकून, पण आवाज काय विसरतं का माणूस? नऊ महिने पोटात आणि वीस वर्षं डोक्यावर घेतलेली पोर ती!

आणि गाणं कुणावर? माझ्यावर. आई भांडी आपटते, आई दारं आपटते, आई शब्दसुद्धा आपटते. वा! मग तिसरं कडवं आलं. "माझ्या गाण्याचा तिनं एका क्षणात दगड केला, अजून त्या दगडातून वायर लोंबते." हे तीन-तीनदा. गाण्याच्या मागं कुठंतरी ठक ठक वाजत होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण नियम म्हणजे नियम. दात आवळून बसले.

गाणं संपलं. पॉलिशवालीचे डोळे भरले होते. म्हणाली, "मी हे रोज येताना ऐकते. कारण माझी आईपण अशीच होती. आणि काय कल्पना आहे बघा ना! दगड म्हणजे आईचं मन. आणि त्यातून लोंबणारी वायर म्हणजे नाळ. तुटतही नाही आणि सुटतही नाही."

"वायर म्हणजे वायर!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तर हळूच म्हणाले, "ताई, नियम."

"खड्ड्यात गेला नियम. उद्या माझा नंबर आहे ना? तो आजच घेते." मी उठले, तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. सगळ्यांना पुन्हा बसून ऐकावं लागलं. मीही ऐकलं. दुसऱ्यांदा राग कमी होईल असं वाटलं होतं, तो आणखी चढला. आवाज केवढा तयार झाला होता तिचा, आणि हे मला परक्या पोरीच्या मोबाइलवर कळत होतं.

"आता कारण सांगते," मी म्हटलं. "ही मुकी माझी मुलगी आहे. तो दगड म्हणजे मन-बिन काही नाही, प्लास्टर आहे. आपल्याच पोत्यातलं. अर्जंट काम होतं, तीन जबडे घरी नेले होते. ओट्यावर मोठ्या भांड्यात प्लास्टर कालवत होते. ही टेबलाशी बसलेली, कानावर हेडफोन. मी विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरलास का? एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तर माझ्याकडे न बघता तिनं एक बोट वर केलं. थांब म्हणून. आईला! दिवसभर लोकांचे जबडे ओतून आलेल्या आईला एक बोट!"

मेणकाम करणारा माणूस हसला आणि लगेच खाली बघायला लागला.

"मी जाऊन तिच्या कानावरचे हेडफोन ओढले आणि भांड्यात कोंबले. सरळ प्लास्टरमध्ये. ती किंचाळली आणि दार आपटून बाहेर गेली. ऐकलंत ना? दार तिनं आपटलं. ते गाण्यात नाही! आठवड्यानं मैत्रिणीकडे राहायला गेली, जाताना तो प्लास्टरचा गोळा पिशवीत घालून घेऊन गेली. वायर बाहेर लोंबत होती."

इथं थांबायला हवं होतं. कारण सांगून झालं होतं. पण पॉलिशवाली माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिची आईच आहे. आणि माझ्यासमोर माझंच भांडं होतं, सकाळी कालवलेलं. प्लास्टर किती वेळात धरून घट्ट होतं हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्यांना काय फसवणार?

"एका क्षणात असं म्हणते ती," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे, क्षणात नाही होत. आठ मिनिटं लागतात. मी तिथंच उभी होते. हात घालून बाहेर काढले असते, नळाखाली धरले असते, तर कदाचित वाचलेही असते. नाही काढले. धरताना प्लास्टर तापतं, तसं भांडं गरम व्हायला लागलं तेव्हा बोट लावून बघितलं, नीट धरलंय का. कामात बघतो तसं."

कुणी काही बोललं नाही. नियमच होता तसा, आणि त्या दिवशी मला त्या नियमाचा इतका संताप आला की काय सांगू! कुणीतरी शिवी द्यावी असं वाटत होतं. मास्तरांनी मशिन सुरू केलं नाही, एवढंच. मी माझी पर्स उचलली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. तिथं रिकामी पोती आणि तुटक्या खुर्च्या पडलेल्या असतात. एका खुर्चीवर बसून लेकीला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. उचलणार नाही याची खात्री होती, म्हणूनच बहुतेक लावला.

तिनं उचलला. "काय झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता.

"काही झालं नाही. गाणं ऐकलं तुझं."

ती काही म्हणायच्या आत मी सुरू झाले.

"इथं सगळ्यांनी ऐकलं. कामावर. माझ्या तोंडावर वाजवलं! आई शब्द आपटते म्हणे. लाज नाही वाटली?"

"हेच सांगायला फोन केलास?" ती म्हणाली. "मग ठेवते."

"ठेवू नकोस! तिसरं कडवं खोटं आहे तुझं. एका क्षणात म्हणतेस. आठ मिनिटं होती. आठ! मी शेजारी उभी होते आणि मी काढले नाहीत. गाणं करायचंच होतं तर नीट चौकशी करून करायचं!"

मी ओरडत होते. माझा आवाज फाटला होता, आणि आत मास्तरांना ऐकू जात असणार, पण मला पर्वा नव्हती.

"मला माहीत आहे," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी गेले नव्हते, आई. दार आपटलं, पण जिन्यातच थांबले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तू दिसत होतीस. मला वाटत होतं, आता काढेल, आता काढेल. मग तू बोट लावून बघितलंस."

मी विचारलं, "मग हे गाण्यात का नाही घातलंस?"

"लोक ऐकतात ना गं," ती म्हणाली.