ज्याचा श्वास, त्याचं अक्षर

दचकू नका, मी टाकी बोलतेय. गच्चीवरची पाण्याची नव्हे. समुद्रात खोल बुडी मारणारे कुशीला बांधतात ना, ती. माझ्यात शुद्ध ऑक्सिजन भरतात. हे ऐकलं की लोक माझ्याकडे दुभत्या गाईकडे बघावं तसं बघतात. ऑक्सिजन म्हणजे जीव, शुद्ध म्हणजे चांगलं, मग शुद्ध ऑक्सिजन म्हणजे विचारायलाच नको. पाण्याखाली सहा मीटरपर्यंत हे खरं आहे. त्याच्या खाली मला तोंडाला लावलं तर मी माणसाला फिट आणते.

मी जन्मापासूनच भित्री. आधी मी ॲल्युमिनियमची एक जाड चकती होते. यंत्राने एका दणक्यात माझा पेला केला, मग तापवून गळा आवळला. शेवटी परीक्षा. आत पाणी कोंबून फुगवतात, आणि सोडल्यावर मूळ मापाला परत आलात तर पास. माझ्या शेजारची परत आली नाही. तिचा गळा माझ्यादेखत करवतीने कापला. तेव्हापासून कुणी झडपेला हात लावला तरी मला धस्स होतं.

मला बाईंनी आणलं. बाई साठीच्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या, आणि मोटार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत टेक्निकल डायव्हिंगची शाळा चालवणाऱ्या. बुडालेल्या जहाजापर्यंत जाऊन जिवंत परत कसं यायचं, ते तिथे शिकवत. त्यांची लेक पाण्याला घाबरायची. ती कधी समुद्रात उतरली नाही, पण टाक्या भरणं, धुणं आणि पाणबुड्यांचे पोशाख वाळत घालणं तिच्याकडे होतं. मला ती गरम पाण्याने तीनदा घासायची, कारण तेलाचा थेंब आणि ऑक्सिजन भेटले की भडका उडतो. डोक्याला तेल लावून आलेल्या माणसाला ती माझ्या खोलीत घेत नसे.

शाळेतल्या सगळ्या टाक्या एकाच पिवळ्या रंगाच्या. वेगवेगळे रंग द्या, असं पुष्कळांनी सुचवलं. बाई ऐकत नसत. रंग बघून श्वास घेणारा माणूस रंग उडाल्यावर मरतो, म्हणायच्या. त्यांचा कायदा वेगळा होता. ज्याला टाकीतून श्वास घ्यायचाय, त्याने खिशात मावणाऱ्या यंत्राने आतला वायू स्वतः मोजायचा, आणि चिकटपट्टीवर स्वतःच्या हाताने लिहायचं: किती टक्के, किती मीटरपर्यंत चालेल, नाव. ज्याचा श्वास, त्याचं अक्षर. दुसऱ्याच्या अक्षरातला श्वास घ्यायचा नाही, मग तो देव का असेना.

अशा ठिकाणी जावईबापू शिकायला आले.

म्हणजे बाईंचेच जावई, लेकीचा नवरा. लिफ्टच्या कंपनीत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की मी इंजिनिअर आहे, त्यामुळे टेक्निकल तर मुळातच आहे, फक्त पाणी काय ते नवीन. आणि वर-खाली करणं हा तर आमचा धंदाच. बाकीचे शिकणारे हसले. बाईंनी न ऐकू येणारा कान पुढे केला.

त्यांच्या डोक्यात टेक्निकल पाणबुडा म्हणजे काळ्या पोशाखातला, अंगभर नळ्या लोंबणारा, शार्कशी डोळा भिडवणारा वीर. त्यांनी तीन सुऱ्या आणल्या. एक पोटरीला, एक दंडाला, एक छातीवर. पाण्यात भाजी चिरणार आहात का, असं बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. मग तीन तास खाली राहायचं तर लघवीचं काय, हा प्रश्न निघाला, आणि बाईंनी थंडपणे सांगितलं की बंद पोशाखाच्या आत मोठ्या माणसांचं डायपर घालायचं. जावईबापूंना वाटलं, आपली थट्टा चाललीय. ते आणायला लेक औषधांच्या दुकानात गेली. दुकानदाराने हळूच विचारलं, घरात कोण झोपून आहे? ती म्हणाली, कुणी नाही, हे पराक्रमाला निघालेत.

मला त्यांची कीव यायची. हसूही यायचं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात मोठा गैरसमज खोलीचा. त्यांना वाटायचं, जो जास्त खोल जातो तो मोठा. खोल तर दगडही जातो. खरी परीक्षा वर येताना असते. अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरावीक ठिकाणी थांबत यायचं, आणि शेवटी सहा मीटरवर दोराला धरून माझ्यातून श्वास घेत चाळीस मिनिटं नुसतं लटकायचं. घाई केली तर लुळं पडायचं, नाहीतर मरायचं. पहिल्या खेपेला जावईबापूंनी तळाचा गाळ ढवळला. दुसऱ्या खेपेला तोंडात थोडं पाणी गेलं म्हणून सरळ वर सुटले, बाईंनी पाय धरून थांबवलं म्हणून वाचले. तिसऱ्या खेपेला सहा मीटरवर कंटाळून दोन-चार मिनिटं आधीच निघाले. तिन्हीदा नापास. तिसऱ्यांदा बाई ओट्यावर बसून, बाकीच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "वाळत घातलेल्या टॉवेलसारखं लटकायचं असतं, जावईबापू. तुम्हाला टॉवेलसुद्धा होता येत नाही."

त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता तिथले लोक रोज विचारायचे, काय, लागलं का तळाला? घरी ते जेवणाच्या ताटावर बसून लेकीवर कशावरूनही खेकसायचे.

एक दिवस टाक्या भरता भरता लेक आईला म्हणाली, "या खेपेला करून टाक ना पास. घरी बसून ते माझा जीव खातात."

बाई झडप आवळत राहिल्या. पण मी पाहिलं, त्यांचा हात झडपेवर जरा जास्त वेळ राहिला.

चौथ्या परीक्षेचा दिवस. जहाज पंचेचाळीस मीटरवर. बाई आणि जावईबापू, दोघांच्याही पाठीवर तळासाठीच्या टाक्या होत्याच, शिवाय कुशीला दोन-दोन. बाईंच्या कुशीला एक मी, शुद्ध ऑक्सिजनची, सहा मीटरसाठी. दुसरी माझी जुळी, निम्म्या ऑक्सिजनची, एकवीस मीटरपासून वापरायची. होडीत लेक नाखव्याच्या शेजारी बसली होती, पाण्याकडे पाठ करून.

जावईबापू त्या दिवशी फार गोड वागत होते. स्वतःच्या टाक्या त्यांनी नीट मोजल्या, पट्ट्या लावल्या. मग, सासूबाईंना वाकायला नको म्हणून, तुमच्याही मीच लिहितो म्हणाले. बाईंच्या टाक्या होडीत ठेवतानाच त्यांनी लक्षात ठेवलं होतं: डावी ऑक्सिजनची. पण ठेवल्या तेव्हा ते होडीच्या त्या कडेला होते आणि लिहिताना या कडेला. त्यांची डावी मधल्यामध्ये उजवी झाली होती. माझ्यावर त्यांनी सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं: ५० टक्के, २१ मीटर, आई.

बाईंनी सवयीने यंत्र बाहेर काढलं.

"मोजताय? माझ्यावर विश्वास नाही का, आई?"

तीनदा नापास केलेला जावई. समोर पाठ करून बसलेली लेक. बाईंनी यंत्र डबीत ठेवलं. मी किंचाळले, पण भरलेल्या टाकीचा आवाज बाहेर येत नाही.

खाली सगळं छान झालं. गाळ ढवळला नाही, सुऱ्या घरी राहिल्या होत्या. परत येताना एकवीस मीटरवर बाईंनी माझी नळी हातात घेतली, माझ्यावरची पट्टी जावयाला दाखवली. त्यांनी ती वाचली आणि बोटांनी 'ठीक' अशी खूण केली. मग बाईंनी मला तोंडाला लावलं.

आठ-दहा श्वास मी दिले. मला ते थांबवता येईनात. आधी त्यांचा ओठ उडायला लागला, मग सगळं अंग. नळी तोंडातून सुटली. मी त्यांच्या कुशीला बांधलेली, त्यांच्याबरोबर थडथडत होते.

बाईंनी शिकवलं होतं तेच जावईबापूंनी केलं. नळी परत तोंडात बसेना, तेव्हा बाईंच्या तरंगायच्या जाकिटात हवा भरली आणि त्यांना वर सोडलं. बरोबर जाता येत नव्हतं, गेले असते तर तेही मेले असते. आम्ही वर उसळलो ते लेकीच्या बाजूला. तिने पहिल्यांदाच पाण्याकडे तोंड केलं.

जावईबापू ठरल्या ठिकाणी थांबत आले. सहा मीटरवर दोर धरून चाळीस मिनिटं लटकले. अगदी स्तब्ध. टॉवेलसारखे. त्यांची ती पहिलीच बिनचूक परीक्षा, आणि बघायला परीक्षक नव्हता.

त्या चाळीस मिनिटांत त्यांना सगळा हिशोब लागला असणार. कारण होडीत चढताच ते बाईंच्या अंगावर पडून हंबरडा फोडायला लागले, आणि त्या मिठीच्या आड त्यांची बोटं माझ्यावरची पट्टी सोलत होती. पट्टीची गोळी करून त्यांनी हातमोज्यात सारली.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी सांगितलं की टाक्या बाईंनी स्वतःच मोजल्या होत्या. एक टाकी शुद्ध ऑक्सिजनची निघाली, हे त्या अधिकाऱ्याने दोनदा विचारून घेतलं आणि मान हलवली. ऑक्सिजनने कसं कोण मरेल? वय झालं होतं, हृदय बंद पडलं असेल. त्याने तसंच लिहून घेतलं. त्याचाही माझ्याबद्दल चांगलाच गैरसमज होता.

पण पोशाख वाळत घालायचं काम लेकीचं. तिसऱ्या दिवशी तिने हातमोजे उलटे केले.

तिने ती गोळी ओट्यावर ठेवून नखांनी सपाट केली. नवऱ्याचं अक्षर वाचलं. मग ती माझ्याजवळ आली आणि पट्टी होती तिथेच, सुरकुत्यांसकट, परत चिकटवली. मग मला उचलून दाराशेजारी ठेवलं.

आता शाळा जावईबापू चालवतात. नव्या मुलांना सांगतात की टेक्निकल पाणबुडा होण्याला धैर्य लागत नाही, शिस्त लागते. छान बोलतात. मी मात्र दाराशेजारी उभी असते, ती पट्टी घेऊन. जाता-येता त्यांची नजर पडते. काढायची त्यांची हिंमत नाही, कारण काढली तर का काढली हे सांगावं लागेल.

आज सकाळी नव्या तुकडीला जहाजावर न्यायचं होतं. लेकीने दोन टाक्या भरून आणून ठेवल्या, त्यातली एक मी. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या टाक्यांवर आता मीच लिहीत जाईन. ही घ्या एकवीस मीटरची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीच पट्टी, फक्त 'आई' या शब्दावर आडवी रेघ. त्यांचा हात यंत्राकडे गेला.

"मोजताय?" ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास नाही का?"

दारात आठ शिकाऊ मुलं उभी होती. जावईबापूंनी यंत्र डबीत ठेवलं.

तुम्हाला सांगते, या खेपेला माझ्यात पट्टीवर लिहिलंय तेच आहे. पन्नास टक्के, बरोबर मोजून. तिने स्वतः, आईच्या यंत्रावर, दोनदा. तिला त्यांना मारायचं नाहीये. तिला त्यांनी एकवीस मीटरवर मला न मोजता तोंडाला लावायला हवंय. आज, उद्या, दर खेपेला.

कुणी कितीही आपलं असलं तरी तुम्ही मोजून घ्या हो. वाईट वाटलं तर वाटू दे त्यांना. माझं एवढंच मागणं.

आम्ही आत्ता तेवीस मीटरवर आहोत. वर येतोय. त्यांनी माझी नळी हातात धरलीय, आणि माझ्यावरची पट्टी ते तिसऱ्यांदा वाचतायत. भिऊ नका, असं त्यांना सांगावंसं वाटतं. पण मला बोलता येत नाही, नुसता श्वास देता येतो.